नवा धंदा, पहिली वही: एका पोळीभाजी केंद्राच्या आकड्यांतून जमाखर्च

धंदा सुरू करून सहा-आठ महिने झालेल्या माणसाला "महिन्याला सुटतात किती?" असं विचारलं, की तो एकतर गल्ल्याकडे बघतो नाहीतर मोबाइलमधला बँक बॅलन्स उघडतो. छोट्या दुकानदारांच्या वह्या लिहिता लिहिता ही सवय मी फार जणांत पाहिली आहे. बॅलन्स बघून सांगितलेला आकडा जवळजवळ नेहमीच चुकीचा असतो, कधी जास्त तर कधी कमी. हातातला पैसा वेगळा आणि नफा वेगळा. हा फरक आकड्यांत दिसायला लागला की जमाखर्चाचा निम्मा भाग समजलाच.

समजायला सोपं जावं म्हणून डोंबिवलीतलं एक काल्पनिक पोळीभाजी केंद्र धरू. भाड्याचा गाळा, पोळ्या लाटायला आणि भाजी करायला बायका, मालकीण स्वतः सकाळपासून उभी. काउंटरवर रोख आणि यूपीआय, काही गिऱ्हाइकांचे महिन्याचे डबे, आणि दोन ऑफिसं उधारीवर. तुमचं शिवणकाम असो, स्टेशनरी असो की मसाल्याचे पुडे, रकान्यांची नावं बदलतील पण पद्धत हीच राहील.

घर आणि धंदा वेगळा करा

वही आणण्याआधी बँकेत जा आणि धंद्यासाठी वेगळं खातं उघडा. काउंटरवरचा क्यूआर त्याच खात्याचा असला पाहिजे, मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खात्याचा नको. हे नुसतं नीटनेटकेपणासाठी सांगत नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयने आलेल्या रकमांवरून बऱ्याच छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. भावाने पाठवलेले पैसे, भिशीचे पैसे आणि विक्रीचे पैसे एकाच खात्यात येत असतील, तर त्यातली विक्री कोणती हे कागदावर दाखवताना नाकी नऊ येतात.

मग पहिल्या दिवशी एका पानावर धंद्याकडे काय आहे आणि धंद्याला काय द्यायचं आहे ते मांडा. आपल्या केंद्राचं असं:

रोख ५,०००
बँकेत ६०,०००
शेगड्या, मिक्सर, फ्रीज, भांडी १,२०,०००
गाळ्याचं डिपॉझिट ७५,०००
एकूण २,६०,०००

यातलं बँकेचं कर्ज १,५०,०००. उरलेले १,१०,००० हे मालकिणीचं भांडवल. पुढे तिने घरून आणखी पैसे घातले तर भांडवल वाढेल, आणि घरी नेले तर ती 'उचल', म्हणजे भांडवल कमी. उचल हा धंद्याचा खर्च नाही. किराणा, मुलांची फी, लग्नातला आहेर असं काहीही गल्ल्यातून गेलं तर ते उचल खात्याला. यावर सगळ्यात सोपा तोडगा म्हणजे घरखर्चाची रक्कम ठरवून टाका आणि महिन्यातून एक-दोनदाच बँकेतून घरच्या खात्यात वळवा. रोज थोडे थोडे नेले की महिनाअखेरीला त्याचा पत्ता लागत नाही.

रोजमेळ: रात्रीची दहा मिनिटं

सगळ्या पद्धतीचा कणा रोजमेळ, म्हणजे रोजच्या रोख जमाखर्चाचं पान. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे. आलेली रोख जमेला, गेलेली रोख नावे. दिवसभर काउंटरवर एक कच्ची डायरी ठेवा आणि गाळा बंद करताना त्यावरून पक्की नोंद करा. एका दिवसाचा रोजमेळ असा दिसेल.

जमा
आरंभीची शिल्लक ३,२००
रोख विक्री ४,६५०
नव्या डब्याचे आगाऊ २,४००
ऑफिसकडून मागच्या महिन्याची उधारी आली १,१००
एकूण ११,३५०

नावे
मंडईतून भाजी १,३८०
दूध, दही ४२०
रिक्षा १२०
पोळीवाल्या मावशींना पगारातले आगाऊ ५००
बँकेत भरले ५,०००
घरी नेले १,०००
एकूण ८,४२०

अखेरची शिल्लक २,९३०. आता गल्ला मोजा. नोटा आणि चिल्लर मिळून २,८७० भरले, म्हणजे ६० रुपये कमी. आठवायला बसा: झाडूवाल्याला दिलेले, सुट्टे जास्त गेलेले, संध्याकाळी आणलेली कोथिंबीर. आठवलं तर नोंद करा. नाहीच आठवलं तर 'रोख तूट ६०' असं नावे टाकून शिल्लक २,८७० वर आणा आणि उद्याचं पान तिथून सुरू करा. तूट लपवायला विक्रीचा आकडा ६० ने कमी करू नका. महिनाभर रोजची तूट एका खात्यात जमत गेली की ती चाळीस-पन्नासात आहे की चार-पाचशेत, हे दिसतं, आणि चार-पाचशेत असेल तर कारण सुट्ट्या पैशांचं नसतं.

आता हेच पान पुन्हा वाचा. गल्ल्यातून ८,४२० गेले, पण त्यातला त्या दिवसाचा खर्च फक्त १,९२०: भाजी, दूध आणि रिक्षा. बँकेत भरलेले ५,००० खिसा बदलून गेले. १,००० मालकिणीची उचल, ५०० मावशींकडून येणं, जे पगाराच्या दिवशी वळतं होईल. जमेच्या बाजूलाही तसंच. २,४०० ही विक्री नाही, अजून एकही डबा गेलेला नाही. तेवढं आपण गिऱ्हाइकाला देणं लागतो. १,१०० ची विक्री मागच्या महिन्यात मोजून झाली.

मग त्या दिवसाची विक्री किती? रोख ४,६५०, यूपीआयने थेट बँकेत आलेले ३,९८० आणि ऑफिसला उधारीवर गेलेले ७५० मिळून ९,३८०. यूपीआय आणि उधारी रोख रोजमेळात येत नाही, म्हणून पानाच्या खाली 'आजची एकूण विक्री' अशी एक वेगळी ओळ ठेवा. ही ओळ पुढे जीएसटीसाठीही लागते.

सुरुवातीला नोंदी चुकतील, खाडाखोड होईल. खोडायचं तर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहा, व्हाइटनर नको. आणि एक दिवस राहिलाच तर दुसऱ्या दिवशी सकाळी लिहा. आठवडाभराचं रविवारी बसून लिहू म्हणणाऱ्यांच्या वहीत मला नेहमी गोल आकडेच सापडतात: भाजी १,५००, भाजी १,५००, भाजी १,५००.

कागद जपा

प्रत्येक खर्चामागे एक कागद हवा. मंडईत भाजीवाली बिल देत नाही, त्यासाठी स्वतःचं व्हाउचर करा: तारीख, काय घेतलं, किती, कुणाकडून, सही. स्टेशनरीच्या दुकानात व्हाउचरचे छापील पॅड मिळतात. व्हाउचरला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक रोजमेळात त्या नोंदीशेजारी टाका. महिन्याला एक मोठं पाकीट, वर महिन्याचं नाव, बस.

मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या काही महिन्यांत पांढऱ्या पडतात. त्यांचा मोबाइलवर फोटो काढून महिन्याच्या फोल्डरमध्ये टाका. जीएसटीत नोंदणी असेल तर त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ६ वर्षं कागद ठेवावे लागतात, त्यामुळे पाकिटं उंदरा-वाळवीपासून लांब ठेवा.

घाऊक किराणावाल्याला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नका. नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे प्रत्यक्ष खर्च दाखवून कर भरत असाल, तर तो खर्च प्राप्तिकरात धरला जात नाही. एवढी रक्कम बँकेतून द्या.

खतावणी: माणसामागे एक पान

रोजमेळ तारखेप्रमाणे चालतो, खतावणी नावाप्रमाणे. घाऊक किराणावाला, गॅस एजन्सी, दोन्ही ऑफिसं, प्रत्येक कामवाली, बँकेचं कर्ज, उचल, भाडं, प्रत्येकाला एक पान. नियम एवढाच, की लाभ घेणारा नावे आणि देणारा जमा. ऑफिसने ७५० चं जेवण घेतलं, ऑफिसच्या पानावर नावे ७५०. त्यांनी मागच्या बाकीतले १,१०० दिले, जमा १,१००. उरलेली नावे बाकी म्हणजे येणं. किराणावाल्याने ९,००० चा माल दिला, त्याच्या पानावर जमा ९,०००. आपण ५,००० दिले, नावे ५,०००. उरलेली जमा बाकी ४,००० म्हणजे देणं.

छोट्या धंद्याचा जीव उधारीत अडकतो, म्हणून या पानांकडे दर शनिवारी बघा. बाकी किती आहे यापेक्षा ती किती जुनी आहे ते महत्त्वाचं. चालू महिन्याची, ३० दिवसांवरची आणि ६० दिवसांवरची अशी तीन गटांत यादी करा. तिसऱ्या गटात गेलेल्या गिऱ्हाइकाला नवी उधारी बंद, मग तो कितीही गोड बोलो. मागताना तारीख आणि रक्कम लिहून व्हॉट्सॲपवर पाठवा. 'बघा ना जरा, राहिलेत थोडे' असं म्हटलं की समोरच्यालाही ते विसरायला सोपं जातं.

गिऱ्हाईक कंपनी किंवा मोठं ऑफिस असेल तर उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची (एमएसएमई) सरकारी नोंदणी, कामाला येते. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते. पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नका. नोंदणी झालेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे आणि सेवा देणाऱ्याचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यायचे असतात, करार नसेल तर १५ दिवसांत. हा २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याचा नियम. बिलावर उद्यम क्रमांक छापला की अकाउंट्स विभागाचं वागणं पुष्कळदा बदलतं. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र हे संरक्षण नाही.

बँकेचा मेळ

महिन्यातून एकदा बँकेचं स्टेटमेंट काढून आपल्या बँकेच्या पानाशी ओळीने ओळ टिक करा. न जुळणाऱ्या ओळी साधारण ठरलेल्या असतात: साउंडबॉक्सचं भाडं, बँकेचे चार्जेस, शेवटच्या दिवशीची क्यूआरची रक्कम जी दुसऱ्या दिवशी जमा होते, न वटलेला चेक. चार्जेसची नोंद आपल्या वहीत राहिलेली असते, ती करा. स्विगी-झोमॅटोवर असाल तर त्यांच्याकडून कमिशन कापून रक्कम येते. वहीत पूर्ण विक्री जमेला आणि कमिशन खर्चात, असं दोन्ही लिहा. नुसता हातात आलेला आकडा विक्री म्हणून धरला तर त्या ऑर्डरवर किती जातंय ते कधीच कळणार नाही.

महिनाअखेर: नफा कुठे गेला?

शेवटच्या रात्री शिल्लक माल मोजा: पीठ, तांदूळ, डाळी, तेल. खरेदीच्या भावाने किंमत करा. अंदाजाने नव्हे, डबे उघडून. मग हे मांडा.

विक्री (रोख, यूपीआय, उधार, आणि महिन्यात पुरवलेले डबे) २,४२,०००
आरंभीचा माल १८,००० + खरेदी ९८,००० – अखेरचा माल २२,००० = वापरलेला माल ९४,०००
मालाची किंमत जाऊन उरले १,४८,०००

पगार ५२,०००
भाडं २२,०००
गॅस १४,५००
वीज ४,२००
पॅकिंग ९,८००
वाहतूक ३,५००
मोबाइल व किरकोळ २,०००
कर्जाचं व्याज २,१००
घसारा १,५००
खर्च एकूण १,११,६००

नफा ३६,४००.

दोन गोष्टी इथे सहसा हुकतात. कर्जाचा हप्ता ८,६०० गेला, पण खर्चात फक्त व्याजाचे २,१०० आलेत. उरलेले ६,५०० मुद्दल फेडण्यात गेले. आणि घसारा: १,२०,००० ची यंत्रं १५ टक्क्यांनी वर्षाला १८,००० ने झिजतात, म्हणून महिन्याला १,५००. खिशातून पैसे गेले नाहीत, तरी फ्रीज कधीतरी बदलावा लागणारच आहे.

त्याच महिन्यात मालकिणीने रोख आणि बँक मिळून मोजलं तर पैसे १०,६०० ने कमी झालेले होते! नफा ३६,४०० आणि पैसे कमी, हे ऐकून 'हिशेब चुकला' असंच कुणालाही वाटेल. वही सांगते ते असं:

नफा ३६,४००, घसारा परत धरला १,५०० (पैसे गेले नव्हते), एकूण ३७,९००. त्यातून:
माल जास्त साठला ४,०००
मुद्दल फेडलं ६,५००
घरखर्चाला उचल २४,०००
नवा मिक्सर ११,०००
ऑफिसांची उधारी वाढली ९,०००
गेले एकूण ५४,५००
किराणावाल्याचं देणं वाढलं म्हणून हाती राहिले ६,०००

३७,९०० वजा ५४,५०० अधिक ६,००० म्हणजे १०,६०० ची तूट. एकही रुपया हरवलेला नाही. हे पान हातात असलं की निर्णय आपोआप पुढे येतात: मिक्सर एकदाच घेतला, ते ठीक, उधारीतले ९,००० मात्र वसूल करायलाच हवेत, नाहीतर पुढच्या महिन्यात किराणावाला माल देताना हात आखडेल.

आणखी एक आकडा स्वतःसाठी काढा. मालकीण दिवसाला दहा तास राबते. तिच्या जागी पगारी माणूस ठेवला तर समजा २५,००० द्यावे लागतील. ते वजा केले तर धंद्याने कमावले ११,४००. एकट्या मालकीच्या धंद्यात मालकाचा पगार प्राप्तिकरात खर्च म्हणून धरता येत नाही, पण दुसरं केंद्र काढायचं का, हे ठरवताना ३६,४०० कडे न बघता ११,४०० कडे बघा. तिथे तुम्ही उभे नसणार.

कराच्या रेघा

इथे सीए लागतोच, पण रेघा कुठे आहेत ते तुम्हाला माहीत हवं. जीएसटीची नोंदणी महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीवर, सेवा देणाऱ्याला २० लाखांवर लागते. पोळीभाजी केंद्राचं जेवण पार्सलने गेलं तरी ते रेस्टॉरंट सेवेत मोडतं, म्हणजे रेघ २० लाखांची. महिन्याला २,४२,००० विक्री असेल तर आठ महिन्यांत १९,३६,००० होतात आणि नवव्या महिन्यात रेघ ओलांडते. तिथून ३० दिवसांत नोंदणीचा अर्ज करायचा. म्हणूनच रोजमेळाखालच्या एकूण विक्रीच्या ओळीची बेरीज एप्रिलपासून पुढे पुढे न्यायची. नोंदणीनंतर अशा केंद्राला ५ टक्के कर लागतो आणि खरेदीवर दिलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यानंतर १०५ रुपयांच्या बिलातले ५ रुपये तुमचे नाहीत. ते वेगळ्या पानावर देणं म्हणून लिहा.

प्राप्तिकरात छोट्या धंद्यांसाठी अंदाजित उत्पन्नाची योजना आहे, जी जुन्या कायद्याच्या ४४एडी या कलमामुळे ओळखली जाते (१ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत). उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून-यूपीआयने आलेल्या रकमेच्या ६ टक्के एवढा किमान नफा दाखवायचा. वह्या ठेवण्याची सक्ती नाही. त्यामुळे "मग वही कशाला?" असं पुष्कळ जण विचारतात. आपल्या केंद्राचा खरा नफा विक्रीच्या १५ टक्के आहे, हे वहीशिवाय कुणी सांगितलं असतं? मुद्रा कर्जाच्या अर्जाला बसलात की बँकही आकडे मागते.

कागदावर की कॉम्प्युटरवर?

माझं मत स्पष्ट आहे: पहिले तीन महिने कागदावर. हाताने बेरीज केली की कोणता खर्च फुगतोय ते बोटांना कळतं. त्यानंतर गूगल शीट चालेल: तारीख, तपशील, खातं, जमा, नावे, रोख की बँक, व्हाउचर क्रमांक, एवढे सात रकाने पुरतात. उधारीची आठवण पाठवायला खाताबुकसारखी ॲप सोयीची आहेत, पण त्यात रोजमेळाचा मेळ घातल्याशिवाय भरवसा ठेवू नका. टॅलीसारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर घ्यायचं ते माल, बिलं आणि जीएसटी वाढल्यावर, आणि तेव्हाही नोंदी टाकणाऱ्या मुलाला व्हाउचरची पाकिटं तुम्हीच द्या.

३१ मार्च

लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा अजून होते, पण प्राप्तिकराच्या कर आकारणी वर्ष १९८९-९० पासून सगळ्यांचं हिशेबाचं वर्ष एप्रिल ते मार्च आहे. पूजा दिवाळीला करा, वही १ एप्रिलला बदला. ३१ मार्चच्या रात्री चार याद्या तयार ठेवा: मोजलेला माल, येणी, देणी आणि अजून न पुरवलेल्या डब्यांचे आगाऊ पैसे. कर्जाचं बँकेकडून येणारं व्याज-मुद्दलाचं प्रमाणपत्र मागून घ्या. खतावणीतल्या सगळ्या बाक्या एका कागदावर उतरवून नावे आणि जमेच्या बेरजा जुळतात का पाहा. यालाच तेरीज म्हणतात. जुळल्या नाहीत तर फरकाला ९ ने भाग जातो का ते बघा. जात असेल तर बहुधा कुठेतरी ५४ चे ४५ झालेत. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद शोधा, ती चुकून उलट्या बाजूला गेलेली असू शकते.

तेरीज जुळली की ती, चार याद्या आणि बारा पाकिटं सीएकडे न्या. नव्या वहीच्या पहिल्या पानावर रोख, बँक, माल, येणी, देणी, कर्ज आणि भांडवल यांच्या बाक्या आरंभीची शिल्लक म्हणून उतरवा, आणि १ एप्रिलची पहिली भाजी त्याखाली लिहा.